ढालकिड्यांची भाऊबंदकी

माझ्या सल्ल्याने वाया गेलेली वांगी बघायला मी दिवाळीनंतर पुण्याहून जालन्याला निघालो. मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. शेतकऱ्यांना फोनवर मोफत सल्ला देतो. मोफत असल्यामुळे आजवर कोणी तक्रार केली नव्हती. हसनाबादच्या कौसाबाईंनी वांग्यावरच्या ठिपकेवाल्या किड्याचा फोटो पाठवला, तेव्हा मी लगेच कळवलं, ‘हा ढालकिडा (लेडीबर्ड). मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खातो. शेतकऱ्याचा मित्र. फवारू नका.’ त्या पंधरा दिवस थांबल्या. तेवढ्यात मित्राने अर्ध्या वावराची (शेताची) चाळण केली.

जालन्यात मस्तगडला चहा घेतला. चहावाल्याने कुठे निघालात विचारलं.

“हसनाबादला. वांगी बघायला.”

“मोंढ्यात (बाजारात) बघायची ना मंग. बिनकामाचा खर्चा.”

एसटीत खिडकी मिळाली, तिला काच नव्हती. राजूर येईपर्यंत माझ्या शर्टाचा रंग बदलला होता.

कौसाबाई धुऱ्यावर (बांधावर) उभ्या होत्या. पाठीवर फवारणीचा पंप, हातात औषधाची न फोडलेली बाटली.

“बराबर टायमाला आलात, सर. आता फवारायलाच निघून राह्यले मी.”

वारा धुऱ्यापलीकडे वाहत होता आणि तिथे तुती होती. ती त्यांच्या धाकट्या जावेची, रेखाची. तुतीवर औषधाचे शिंतोडे गेले, तर तो पाला खाऊन तिच्या रेशमाच्या अळ्या मरणार. चार दिवसांत त्या कोष धरणार होत्या. दोघींची चूल दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली होती आणि बोलणंही तेव्हाच बंद पडलं होतं.

मी भिंग काढलं. वांग्यावरचा किडा तांबूस, अंगावर बारीक लव, चकाकी अजिबात नाही. मावा खाणारा शेजारच्या कपाशीवर होता, तुकतुकीत. तुतीवर तिसराच, पिवळा. तो पानांवरची भुरी (पांढरी बुरशी) खात होता. तिघेही ढालकिडेच. मूळ घराणं खवलेकीड खाणारं असावं, असा जाणकारांचा कयास आहे. पुढे बरेच जण माव्यावर गेले. एका शाखेने मांसाहार सोडून पाला धरला, दुसरीने बुरशी. माव्याचा गोड चिकटा चाटता चाटता त्यावरच्या बुरशीची चव लागली असेल. बघायला कोणी नव्हतं. हे सगळं मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, आणि फोटोत ठिपके दिसताच निकाल देऊन मोकळा झालो. मला मनापासून शरम वाटली.

“कौसाबाई, चूक माझी. हा मित्र नाही. पण फवारू नका, हाताने वेचू.”

“तुमच्या शब्दावर एकदा थांबल्ते ना मी? काय झालं मंग?”

तेवढ्यात तुतीतून सगळं ऐकत असलेली रेखा साबणाच्या पाण्याची बादली घेऊन धुरा ओलांडून आली. कोणाकडे न बघता पहिल्या ओळीत बसली आणि किडे वेचून बादलीत टाकायला लागली. कौसाबाई पंप पाठीवर तसाच ठेवून म्हणाल्या, “वरूनच काय बघतीस? अंडी पानाखाली असत्यात.”

मग त्यांनी पंप उतरवला. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी वेचणी केली. मी टाकलेला एक किडा कौसाबाईंनी बोटाने अलगद बाहेर काढला आणि कपाशीवर नेऊन सोडला.

“सर, हा चमकून राह्यलाय. हा आपला.”

जेवायला बाजरीची भाकरी, वरण आणि ठेचा होता. वांग्याची भाजी नव्हती. का, ते मी विचारलं नाही.

निघताना कौसाबाईंनी ती बाटली माझ्या हातात दिली. “ही घिऊन जा. घरात राहिली तं उद्या पुन्हा डोकं फिरंल.”

पुण्याला पोहोचल्यावर बायकोने विचारलं, जालन्याहून काय आणलंत? मी बाटली दाखवली आणि माळ्यावर ठेवली. इतकी वर्षं व्याख्यानं देत हिंडलो, शाली आणि नारळ पुष्कळ आणले. पण कोणी आपला राग असा माझ्याकडे सांभाळायला दिला नव्हता. तोही इतकं नुकसान केल्यावर. चार दिवस फोन हातातून सुटला नाही.

पाचव्या दिवशी कौसाबाईंचाच फोन आला.

“रेखाच्या अळ्यांनी कोष धरले. माझ्या वांग्याला नवा पाला फुटून राह्यलाय. बाटली फेकली का?”

“नाही.”

“ठेवा. लागली तं मागीन. पण तवा फोनवर सांगायचं न्हाई, सर. यायचं, आमच्यासंगं वेचायचं, मंग बोलायचं.”