वाइंडिंग खात्याचं मत

मिलमध्ये मुकादम होता, मुकादमावर सुपरवायझर होता आणि सगळ्यांच्या वर काचेच्या केबिनीत मॅनेजर होता. पण वाइंडिंग खात्यातल्या बायांना विचाराल तर खातं जयवंताबाईंच्या शब्दावर चालायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं तर तिचं काम कुणी ओढून घ्यायचं, मुकादमाचं कोणतं बोलणं मनावर घ्यायचं आणि कोणतं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचं, हे त्या ठरवायच्या. त्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागत नसे. त्यांनी नुसतं 'हूं' म्हटलं की विषय संपला.

कुहीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या शहरातल्या इंदोरा वस्तीत आल्या, तेव्हा त्यांची सासू याच खात्यात बॉबिनवरचं सूत कोनावर गुंडाळायची. सासूचे हात थकले आणि तिच्या मशीनसमोर सून उभी राहिली. खात्यात तशी रीतच होती. बाईची जागा बाईला. सासूची सुनेला, नाहीतर आईची लेकीला. कागदावर हे कुठंच नव्हतं, पण मॅनेजरपासून मुकादमापर्यंत सगळे ते मानत होते. आता जयवंताबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि त्यांच्या मनात एकच होतं, आपल्या जागेवर आपली सून देवकी लागावी. मुलगा गोविंदा मिलमध्येच होता, पण बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असलं तरच आत शिरायचं. त्याच्या भरवशावर चूल पेटत नव्हती. नवरा देवराव कापसाच्या धुळीनं छाती भरून कधीचे घरी बसले होते. घर जयवंताबाईंच्या कोनांवर उभं होतं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षी मधुकरराव देवपुजारी मिलमध्ये यायला लागले. ते शहरातल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवायचे आणि डॉक्टरेटसाठी अभ्यास करत होते. मोठ्या संस्थांमध्ये निर्णय कसे होतात आणि ज्यांच्यावर ते निर्णय येऊन आदळतात त्यांना काय वाटतं, असा त्यांचा विषय. माणूस भला होता. पायातली चप्पल दाराशी काढून खात्यात येणारा एवढ्या वर्षांत तो पहिलाच. प्रत्येकीला तो आधी सांगायचा, "तुमचं नाव कुठंही येणार नाही. अगदी मोकळेपणानं बोला." आता मोकळेपणानं बोला असं कुणी मुद्दाम सांगितलं की माणूस पदर सावरून बसतो, हे मॅनेजमेंटच्या पुस्तकात नसावं.

जेवणाच्या सुट्टीत बाया डबे उघडून बसल्या आणि गोपिकानं विषय काढला. गोपिका विधवा, पोटी मूलबाळ नाही, बोलायला जरा फटकळ.

"बाई, हा मास्तर सगळं इचारून राहिला. खरं सांगाचं का त्याले? धुळीचं, मुकादमाच्या तोंडाचं, पाण्याच्या नळाचं?"

जयवंताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुझ्या भाचीले पाहाले पाहुणे आले होते, तेव्हा त्यायनं मले इचारलं होतं, पोरगी कशी हाये म्हणून. म्या काय सांगतलं?"

"लाखात एक, म्हणलं तुमी."

"अन् ते सकाळी उठतच नाई, हे सांगतलं का म्या?"

बाया हसल्या. गोपिकाही हसली, कारण त्या भाचीचं लग्न त्याच शब्दावर जमलं होतं. वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी पाहायला आलेले लोक शेजारीपाजारी चौकशी करतात आणि शेजाऱ्यांनी चांगलंच सांगायचं असतं. कुणाच्या जमत आलेल्या सोयरिकीत खडा टाकणाऱ्या बाईला पुढं कुणी हळदीकुंकवालाही बोलावत नाही.

"मंग झालं तं," जयवंताबाई म्हणाल्या. "बाहेरचा माणूस घरचं इचाराले आला की चांगलंच सांगा लागते. मिल आपलं घर हाये. याच्या कागदावर मिलचं नाव चांगलं झालं तं मोठे लोक पैसा लावतीन, नव्या मशीनी येतीन, काम वाढन. आपल्या पोरीसुना लागतीन."

हूं म्हटल्यासारखंच झालं ते. सगळं खातं एका तोंडानं बोलायला लागलं.

देवपुजारींच्या प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं ठरलेली होती. पूर्ण सहमत, बऱ्याच अंशी सहमत, सांगता येत नाही, आणि मग उतरत उतरत अजिबात नाही. बायांना पहिल्याशिवाय दुसरं उत्तर पसंतच पडेना. द्यायचंच आहे तर हात आखडता कशाला? वरिष्ठांच्या निर्णयांवर तुमचा विश्वास आहे? पूर्ण. नवी यंत्रं आली, कामाची पद्धत बदलली, तर तुम्ही स्वीकाराल? पूर्ण. तुमची काही हरकत? हरकत कायची जी. देवपुजारींनी पेन थांबवून एकदा विचारलंही, "जयवंताबाई, सगळ्या जणी अगदी एकच सांगतायत. खरंच काही तक्रार नाही?"

"नाई जी, तक्रार कायची?" जयवंताबाई म्हणाल्या आणि कँटीनमधून त्यांच्यासाठी चहा मागवला. आपण मिलची अब्रू राखली, असं समाधान त्या दिवशी त्यांना वाटलं. घरी जाऊन देवकीला त्यांनी हौसेनं सगळं सांगितलंसुद्धा.

अभ्यास पुरा झाला. मिलनं त्याची एक प्रत मागून घेतली होती. केबिनीत तेव्हा दुसराच विचार शिजत होता. आपोआप सूत गुंडाळणारी मोठी यंत्रं घ्यायची, ती तीनही पाळ्यांत चालवली तरच परवडणार, आणि बायांना रात्रपाळीवर ठेवायला कायद्याची बंदी. म्हणजे यंत्रांवर पुरुषच लागणार. साहेबांना धाकधूक होती ती फक्त एवढीच, की बाया गेटवर बसल्या तर काय करायचं. देवपुजारींच्या अभ्यासानं ती धाकधूक मिटवली. सगळ्या मिलमध्ये व्यवस्थापनावर सर्वांत जास्त विश्वास वाइंडिंग खात्याचा, आणि बदलाला सर्वांत कमी विरोधही त्यांचाच.

मॅनेजर स्वतः खात्यात आला, यंत्रं बंद करायला लावली आणि गोड आवाजात बोलला. "हा निर्णय आम्ही तुमच्यावर लादत नाही. तुमचं मत आम्ही आधी घेतलेलं आहे. तुम्हीच सांगितलंत की तुमची हरकत नाही." खातं बंद होणार, बायांना नियमाप्रमाणे हिशेब देऊन मोकळं करणार, असं त्या बोलण्याच्या शेवटी होतं. बाया जयवंताबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. जयवंताबाईंनी बंद मशीनचा दांडा धरला.

त्या युनियनच्या ऑफिसात गेल्या. पुढारी म्हणाला, "बाई, तुमी सगळ्यायनं हरकत नाई म्हणून सांगतलं. आता आमी कोणत्या तोंडानं भांडाचं?" त्याला भांडायचंही नव्हतं. नव्या यंत्रांवर त्याची बदलीतली पोरं कायम होणार होती.

मग रविवारी गोपिकाला सोबत घेऊन जयवंताबाई धरमपेठेत देवपुजारींच्या घरी पोचल्या. देवपुजारींनी दार उघडलं आणि या दोघींना पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी दोघींना खुर्च्यांवर बसवलं, आतून चहा आणवला.

"साहेब, आमी खोटं सांगतलं होतं," जयवंताबाई म्हणाल्या. "ते खोडून टाका."

"तुमची उत्तरं कोणती, ते मलाच कळणार नाही, जयवंताबाई. नावं लिहिलीच नव्हती."

"मंग सगळ्यायची खोडा. सगळ्या खोटंच बोलल्या. म्या सांगतलं होतं त्यायले."

"पण का?" असं विचारणाऱ्यांतले देवपुजारी नव्हते. ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "मी मॅनेजरकडे जाऊन आलो. म्हटलं, माझ्या अभ्यासाचा असा अर्थ काढू नका. ते म्हणाले, अर्थ आम्ही कुठं काढला? तुम्ही लिहिलंय तेच वाचतोय. आणि यंत्रांची ऑर्डर त्यांनी माझ्या अभ्यासाच्या आधीच देऊन ठेवली होती."

गोपिकानं कप खाली ठेवला. "मंग आमाले इचारलं कायले?"

देवपुजारी भिंतभर लावलेल्या पुस्तकांकडे पाहू लागले.

"आमी खरं सांगतलं असतं," जयवंताबाईंनी शेवटी विचारलं, "तं हे थांबलं असतं का जी?"

देवपुजारी म्हणाले, "कदाचित थांबलं असतं. कदाचित नसतंही. खरंच माहीत नाही मला." माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच जयवंताबाईंना जास्त त्रास झाला. सगळा दोष आपला आहे असं कुणी सांगितलं असतं, तर निदान छाती पिटता आली असती.

खातं बंद झालं. बाया सुरुवातीला जयवंताबाईंच्या दारावरून जाताना थांबायच्या, मग थांबेनाशा झाल्या. कुणी भांडायला आलं नाही. एक गोपिका तेवढी येत राहिली.

अशाच एका दुपारी ती ओट्यावर चहा घेत बसली असताना गोविंदा घाईनं घरी आला. नव्या यंत्रांवर कायम करायच्या माणसांत त्याचा नंबर लागला होता. संध्याकाळच्या आत जाऊन सही करायची होती. बातमी सांगताना त्याच्या तोंडावर आनंद यायचा आणि ओट्याकडे लक्ष गेलं की विझायचा.

"माय," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू नाई म्हणशीन तं मी जात नाई. तुमच्या जागेवर जाऊन उभं राहाची मलेच लाज वाटते. तू सांग."

तो मनापासून बोलत होता. जयवंताबाईंना ते दिसत होतं. मिलनं मत विचारलं तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. इथं अजून काहीच ठरलेलं नव्हतं, आणि त्या म्हणतील तेच होणार होतं. नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी त्या यंत्रावर उभा राहील. गोपिकाची जागा काही परत येणार नाही, देवकीची तर नाहीच नाही. हो म्हटलं तर ओट्यावर बसलेल्या बाईच्या देखत म्हणावं लागेल. देवकी कणकेचे हात तसेच धरून चुलीपाशी उभी होती. आत देवरावांना खोकल्याची उबळ आली.

"जा गा," जयवंताबाई म्हणाल्या. "जेवून जा."

गोपिकानं ऐकलं. तिनं चहा संपवला, कप मोरीवर नेऊन विसळला आणि पालथा घातला. मग पदर खोचत जयवंताबाईंजवळ आली.

"बाई, त्या धरमपेठेतल्या मास्तरच्या घरी भांड्यायले बाई पाहिजे का, इचारसान का माह्यासाठी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं जयवंताबाईंना वाटलं.

"इचारीन," त्या म्हणाल्या. दुसरं काही त्यांच्या हातात उरलेलं नव्हतं.