जुम्म्याची ड्युटी

आमच्या घरी दर रविवारी सकाळी भांडवलशाही संपवली जायची. जेवायच्या वेळेला ती पुन्हा जिवंत व्हायची, कारण सगळ्यांना आपापल्या घरी जायचं असायचं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बाबा भिवंडीतल्या एका शाळेत इतिहास शिकवत. शाळेत सनावळ्या आणि घरी क्रांती, अशी त्यांनी कामाची सोय लावून घेतली होती.

अभ्यासमंडळ म्हणजे ओटीवर पसरलेली सतरंजी, आईचा चहा आणि मोजकी माणसं. वकीलकाका सहकाराचे भक्त. बँकेतल्या काकांना सगळं सरकारच्या ताब्यात हवं. भांडवलशाही गेल्यावर तिच्या जागी काय आणायचं, यावरून दोघांची अशी जुंपायची की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." शेजारीच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्याच्या खडखडाटावर मात करून बोलावं लागे, म्हणून आमच्याकडे साधी शंकासुद्धा घोषणेसारखी विचारली जाई.

बाबांचं म्हणणं असं, की पर्याय मागाहून शोधू, आधी हिचा जन्म कसा झाला ते बघा. ते साखरेच्या मळ्यांपासून सुरुवात करत आणि कापसापर्यंत यायला त्यांना दोन चहा लागत. आफ्रिकेतून माणसं भरून नेणारी जहाजं, अमेरिकेतले कापसाचे मळे, त्या कापसावर चालणाऱ्या इंग्लंडच्या गिरण्या, आणि या सगळ्यावर गब्बर झालेल्या पेढ्या. "लोक म्हणतात भांडवलशाहीनं गुलामी संपवली," ते म्हणत. "अरे, ती गुलामीच्याच दुधावर वाढली!" वकीलकाका हटकत, की गुलाम वेगळा आणि पगारी कामगार वेगळा, कामगाराला काम सोडून जाता येतं. मग बाबा आपलं आवडतं वाक्य टाकत, "चाबकावरून गुलाम ओळखू नका, वकीलसाहेब. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, तो गुलाम."

या सगळ्यात बाबांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. भिवंडीसारख्या गावात, जिथे दगड मारला तर लूम कामगाराला लागेल, तिथे त्यांच्या मंडळात एकही कामगार येत नव्हता. एक तरी यावा, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसावा आणि आपल्याशी वाद घालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. चहाच्या टपऱ्यांवर त्यांनी स्वतः लिहिलेले कागद चिकटवले. कोणी फिरकलं नाही. मंडळानं तीन रविवार चर्चा करून निष्कर्ष काढला, की कामगारांमध्ये जाणिवेचा अभाव आहे.

एके दिवशी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, रविवारी लूम चालू असतात. त्यांची सुट्टी जुम्म्याला."

ही गोष्ट भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. शुक्रवारी लूम बंद पडले की गाव इतकं शांत व्हायचं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. तो खडखडाट चालू असतानाच मंडळ त्यावर ओरडून कामगार का येत नाहीत याची चर्चा करत होतं. बाबा म्हणाले, "पण शुक्रवारी शाळा असते." अखेर क्रांती शुक्रवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, असं ठरलं.

आमच्या घरामागे आजोबांनी बांधलेल्या चार खोल्या होत्या. त्यांत उत्तरेकडचे लूम कामगार राहत. भाडं आई घ्यायची, त्यामुळे बाबा स्वतःला मालक समजत नसत. गुरुवारी ते मागच्या अंगणात गेले आणि अदबीनं म्हणाले, "कल शाम को सब लोग आइए. कुछ बात करनी है."

शुक्रवारी सगळेच्या सगळे आले. वेळेआधी आले, धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून. तीनदा सांगितल्यावर सतरंजीच्या कडेला टेकले. बाबांनी त्यांच्या शाळकरी हिंदीत साखरेपासून कापसापर्यंत सगळं सांगितलं. माना डोलत होत्या. मग वकीलकाकांनी विचारलं, सगळ्यांनी मिळून सहकारी लूम काढले तर?

"जी, अच्छा रहेगा."

बँकेतले काका पुढे सरसावले. सरकारनं सगळे लूम ताब्यात घेतले तर?

"जी, वो भी अच्छा रहेगा."

इतक्या एकमतानं मंडळाची सभा कधीच झाली नव्हती. त्यानंतर दर शुक्रवारी ते येत राहिले आणि बाबा बदललेच. शाळेतून आल्यावर सदरा बदलत, आरशात बघत, टिपणं काढत. आईवर खेकसणं बंद झालं. मला फार बरं वाटत होतं, कारण बाबांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी दुपारी मागच्या नळावर एका कामगाराच्या बायकोनं आईला हळूच विचारलं, "भाभीजी, ये जुम्मे वाली ड्यूटी कब तक चलेगी? एक ही छुट्टी मिलती है. बाज़ार-हाट सब रह जाता है."

"ड्यूटी? कैसी ड्यूटी?"

"मालिक ने बुलाया है तो ना कैसे बोलें? रूम तो आपका है."

बाबा नुकतेच शाळेतून येऊन टिपणं चाळत बसले होते. आईनं जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्यांनी हातातली टिपणं खाली ठेवली. मला वाटलं चिडतील. ते उठले, सदरा न बदलताच मागच्या अंगणात गेले. मीही मागोमाग गेले.

"आज से आने की ज़रूरत नहीं," ते म्हणाले.

सगळ्यांत वयस्कर होता त्याचा चेहरा उतरला. "कोई ग़लती हो गई, मालिक? रूम खाली करना है?"

"नहीं, नहीं! रूम आपका ही है. आपकी छुट्टी है, आप आराम कीजिए."

त्यानं हात जोडले. "बड़ी मेहरबानी, मालिक."

संध्याकाळी ती सगळी माणसं बायकापोरांसह बाजाराला निघाली. आमच्या ओटीसमोर आल्यावर त्यांचं बोलणं थांबलं, माना खाली गेल्या. कोपरा वळल्यावर पुन्हा हसण्याचा आवाज आला. बाबा सतरंजीवर एकटेच बसून ऐकत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

थोड्या वेळानं वकीलकाका आले. रिकामी सतरंजी बघून म्हणाले, "काय हो, आज तुमचे कामगार कुठे?"

"नाही म्हणाले," बाबा म्हणाले. "स्वच्छ नाही म्हणाले."

आणि त्यांनी मान ताठ केली. पण ते 'नाही' कामगारांनी म्हटलंच नव्हतं. तेसुद्धा त्यांच्या वतीनं मालकालाच म्हणावं लागलं होतं.