दुपारी उघडणारी बंदूक

देवळाली कॅम्पात माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि ज्यांचा असतो त्यांच्यावर मी फार लवकर चिडतो. त्यामुळे पेठ रस्त्याकडचा तो द्राक्षवाला शेतकरी दारातूनच म्हणाला, "मालक, बंदूक आपोआप उघडती," तेव्हा मी त्याला बस म्हणालो नाही.

बंदूक पंपाची, बारा बोअरची. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की बंदूक उघडते; पुढे ढकलली की मूठ पुढेच अडकून राहायला हवी. चाप ओढेपर्यंत तिनं हलायचं नसतं. त्याचे वडील बँकेत पहारेकरी होते, त्यांची ही बंदूक. ते गेल्यावर परवाना याच्या नावावर झाला.

"थंडीत सकाळी लावून ठेवतो, दुपारी खटाक करून उघडती," तो म्हणाला. "जवळ कोनी नसतं. आई म्हनती, त्येच आलेत. बंदूक असती त्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवत नाय ती. गोठ्यात निजती या गारठ्यात, खोकून खोकून पार वाळली. तिला घरात आणायचंय मला, बाकी काय नाय."

मग मात्र मी चहा सांगितला.

तो गेल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, मूठ पुढे लावली आणि नळी वर करून रॅकमध्ये उभी ठेवली. मनाशी म्हटलं, लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या काचा थडथडतात, तसाच कसला तरी हादरा असेल. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तोफा बंद, बाजार सुस्त, गल्लीत चिटपाखरू नाही. दाराकडे पाठ करून मी एक स्प्रिंग साफ करत होतो.

खटाक.

हा आवाज मी आयुष्यभर माझ्याच हातांनी काढत आलोय. पण पाठीमागून, कुणाच्या हाताशिवाय आला तेव्हा हातातली स्प्रिंग टेबलावर टाकली. वळलो. मूठ खाली आलेली, बंदूक उघडी. रॅकजवळ कुणी नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?" स्वतःच्याच दुकानात असं विचारताना मला लाज वाटली, पण उत्तर येत नाही तोवर मी श्वास धरून होतो, हेही खरं.

सोमवारी तेच. मंगळवारी सकाळी मूठ पुढे ढकलताना ती फार जड गेली. आदल्या दुपारी तर लोण्यातून सरकावी तशी सरकली होती. तीच बंदूक, तीच मूठ. मी टेबलावर कापड पसरलं आणि तिला खोललं.

आत पांढरट लाल लगदा होता. वास घेतला, तर खोबरेल तेल! त्यात कुंकू कालवलेलं. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण इथं नुसतं बोट लावलेलं नव्हतं, तेलाची धारच धरली होती. मूठ अडवणारा आतला खटका नखाएवढ्या टोकावर उभा असतो. ते टोक झिजून गुळगुळीत झालं होतं, त्यामुळे अडवायला काही उरलंच नव्हतं. सकाळच्या गारठ्यात गोठलेलं तेल मुठीला धरून ठेवायचं. दुपारी छपराचा पत्रा तापला की तेल पातळ व्हायचं आणि मूठ आपल्या वजनानं खाली यायची. एवढंच! मी एकटाच हसलो, पण हसू काही नीट आलं नाही.

मोडीत निघालेल्या तसल्याच बंदुकीतला खटका मिळाला. तो कानस मारून बसवला, आतलं सगळं धुऊन काढलं. दोन दुपारी बंदूक उन्हात उभी ठेवली, वरून तळहाताचे रट्टे दिले. मूठ तसूभरही हलली नाही.

शेतकरी आला तो आईला घेऊनच. किरकोळ बाई, शाल घट्ट लपेटलेली. बंदुकीपासून लांब, दाराशीच उभ्या राहिल्या. मी जुना खटका तळहातावर ठेवून सगळं समजावलं, तेलाचंसुद्धा. आता निर्धास्त घरात झोपा म्हणालो.



"घरात कुनाशी वाजलं की ते बंदुकीचा असाच आवाज करायचे," त्या म्हणाल्या. "गोळी नसायची आत. नुसतं खटाक. की आमी समदे गप." मुलानं मान खाली घातली. "पूजा मीच करायची. तेल कमी पडलं तर वरडायचे. ते गेले, तरी आवाज काय थांबंना. म्हनलं, रागावलेत. मग दरसाल जास्तच वतत गेले."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजी मीच बोलवत व्हते का त्यांना, दादा?"

पुढच्या खंडेनवमीला तेल नको, नुसतं एक फूल वाहा, एवढंच म्हणालो.

बाई पुढे आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच बंदुकीच्या अगदी जवळ.

"फूलबी नाय," त्या म्हणाल्या.