दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर वाचणारा दोष मालकांना देईल, आणि ते मला फार सोयीचं होईल.

वसई पूर्वेच्या आमच्या कारखान्यात पंपांना लागणारी रबरी सील बनतात. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटीच. मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांनी एकच धोशा लावला, "सब क्लाउड पे डालो, मॅडम. पेपरलेस!" आमचं खरं भांडवल म्हणजे साच्यांची मापं. ती होती फोरमनकाकांच्या चोवीस वह्यांत, पेन्सिलीनं लिहिलेली. रबर थंड झालं की किती आखडतं, कुठल्या गिऱ्हाइकाला केसभर सैल लागतं, सगळं त्यात. मी एकेक पान स्कॅन करून सर्व्हरवर चढवलं आणि वह्या रद्दीत दिल्या. मापं मशीनमध्ये आली, मग काकांचं काय काम? गणपतीआधी मालकांनी त्यांना नारळ दिला. जाताना ते मला म्हणाले, "सांभाळ हां, पोरी." मी हसून मान हलवली.

जुना सर्व्हर सात वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता. त्यातलं सगळं क्लाउडवर पाठवायचं काम दसऱ्याच्या आठवड्यात सुरू झालं. मापांची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, ती मी पुसून त्याच कामाला जुंपली. सगळं क्लाउडवर जातंयच की! शहाणी ना मी.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा. चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही, ही रीत. माझ्या गावी, सांडोरला, आमच्या वाडीतही कोयता-कुदळ धुऊन देवापुढे ठेवली की दुसऱ्या दिवसापर्यंत तिला कुणी हात लावत नाही. प्रेस थांबले, लेथ थांबलं, पूजेचं ताट फिरत फिरत माझ्या केबिनपर्यंत आलं. सर्व्हर घरघरत होता. बंद कर, असं मला कुणी म्हटलं नाही. पण बाकी सगळं गप्प झालेलं बघून मलाच कसंतरी वाटलं. तासाभरानं काय बिघडतंय, म्हणत मी तो बंद केला, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

तो परत सुरू झालाच नाही. इतकी वर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबली ती थांबलीच. माहिती काढून देणाऱ्या तज्ज्ञानं आठवड्यानं ती जशीच्या तशी परत पाठवली. क्लाउडवर पाहिलं, तर सगळ्यांचे रजेचे अर्ज सुखरूप पोचले होते. वह्यांचं एक पानही नव्हतं. साचे झिजत होते आणि नवे कुठल्या मापानं करायचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखाना माझ्या हातानं बुडतोय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शेवटी मालक म्हणाले, "फोरमन के पास जाओ. सब लिखवा लो. लेकिन काम पे वापस नहीं रखना है."

काकांचं घर खाडीकडच्या गावात, भातशेतीला लागून. दुपारी पोचले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. सांगता सांगता मला रडू फुटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत हाक मारली, "पोरीला पानी आन गं." मग मला म्हणाले, "वही काढ."

डोळे मिटून ते मापं सांगू लागले. मी लिहीत सुटले. देव पावला असं वाटलं. विसाव्या मापाला ते अडखळले. पुढचं सांगितलं, ते आधी सांगून झालेलंच होतं. त्याच्या पुढचंही.

"साचा हातात असला ना, की बरोबर आठवतं," ते ओशाळून म्हणाले. "घरी बसून सगळं डोक्यातून चाललं बघ. पन तिकडं आलो की सांगीन. घेतील ना परत मला?"

माझ्यापुढे अजून कोरी पानं होती.

"घेतील, काका," मी म्हणाले. "तुम्ही आठवेल तेवढं सांगा."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच पुन्हा डोळे मिटले.