फायर लाइनीवरचे सरळ ढीग

गंगूबाईनं विळा कमरेला खोचला, माझ्या नव्या फायर लाइनीवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "साहेब, तुमी रान राखायलाव का चूल मांडायलाव?"

मी हसलो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, खाकी टोपी नवी होती आणि जंगलकामाचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग ताजं होतं. अशा वेळी दुसऱ्याचं बोलणं जरा कमीच ऐकू येतं.

फायर लाइन म्हणजे रानातला मोकळा पट्टा. वाळल्या गवतानं पेट घेतलाच तर आगीला पुढं खायला काही मिळू नये, म्हणून गवत-झुडपं काढून जमीन उघडी करायची. भूमकडच्या डोंगरातलं हे रान खासगी, मालकीणबाईंचं; सगळे त्यांना काकू म्हणायचे. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. काकूंचे यजमान वारले तसे दीर म्हणू लागले, झाडं तोडून कोळसा पाडू. काकूंनी त्यांच्याकडून वर्षाची मुदत मागून घेतली. रान नीट राखलं तर राहील, जळलं तर कोळसेवाल्याचं. मला सुपरवायझर नेमलं ते त्यासाठीच.

काकूंनी मला एकच बजावलं होतं, रानातली काडीही बाहेर जाता कामा नये. म्हणून तोडलेला तरवड, घाणेरी, बोराटी, सगळं मी पट्ट्याच्या दोन्ही कडांना रचून ठेवलं. दोरी धरून, पंगतीतल्या पत्रावळींसारखे सरळ ढीग. मी संध्याकाळी मुद्दाम लांबून बघायला जायचो.

गंगूबाई तोडणीच्या बायकांची म्होरकी. तिचं म्हणणं, झुडूप तोडलं की त्याच दिवशी मोळी बांधून घरी न्यायचं. काटेरी ते कुंपणाला, जाड ते चुलीला. तशीच रीत होती. "आमाला न्हेऊ द्या. पट्टा बी साफ ऱ्हाईल." मी तिला नियम समजावला. वर तिच्यादेखत काकूंना सांगितलं, या बाईचा डोळा सरपणावर आहे.

चैत्रात भरदुपारी शेजारच्या शेतकऱ्यानं बांध पेटवला आणि वारं फिरलं. आग गवतातून धावत पट्ट्यापाशी आली. आता थांबणार म्हणून मी छाती फुगवली. तिनं पहिला ढीग धरला, मग दुसरा. पंगतीत वाढपी फिरावा तशी ती एकेका ढिगापुढं वाकत निघाली. एक ठिणगी पलीकडच्या रांगेत पडली असती तर रान संपलंच होतं.

गंगूबाईनं मला विचारलं नाही. बायकांनी आकड्या लावून पलीकडचे ढीग ओढले आणि खालच्या नांगरलेल्या शेतात नेऊन टाकले. मी पळसाचा डहाळा घेऊन आग बडवत होतो. त्यात जास्त भाजली ती माझी टोपी. अलीकडची अकरा ढिगांची रांग जळाली, कडेचे पळस होरपळले. रान वाचलं.

काकू छकड्यातून आल्या. "ढीग कुणी लावले?"

"मी."

"आणि ओढले कुणी?"

मी गंगूबाईकडं बोट केलं. काकूंनी काळ्या पट्ट्यातली एक जळकी काडी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "नियम माझा होता, सुपरवायझर. निम्मा शहाणपणा माझा धरा. उद्यापासून तोडलेलं ज्याचं त्यानं त्याच दिवशी घरी न्यावं."

गंगूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पयली मोळी साहेबाच्या डोक्यावर द्या. म्हंजी सरपणावर डोळा कुणाचा त्ये गावाला दिसंल."

बोराटीची मोळी डोक्यावर घेऊन मी गावातून गेलो. तिच्या दारात काटे काढताना तिनं गुळाचा चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा कुठं रुंद हवा तेही दाखवलं. मुदत संपली तेव्हा दीर रान बघून गेले. कोळशाचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून कुणी साफसफाई दाखवली की मी आधी विचारतो, निघालेलं सगळं ठेवलं कुठं? आमच्या घरापुरतं उत्तर बायको देते, "ह्यांच्या माळ्यावर."