बापाचं नाव

पिंप्राळ्यातला आमचा सेवा केंद्रवाला माउसची प्रत्येक टिचकी मारण्याआधी ‘हां, आता’ म्हणतो. पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी रांगेत होतो, तेव्हा माझ्यापुढे धुळ्याकडची एक अक्का होती. यात्रेतल्या मारामारीनंतर तिचा मुलगा घरी आला नव्हता. केंद्रवाल्यानं पोलिसांच्या वेबसाइटवर अटक झालेल्यांची यादी काढली. “हां, आता जिल्हा. हां, आता ठाणं. हां, आता तारीख.”

यादीत मुलाचं नाव आणि आडनाव दिसलं. अक्का मटकन खाली बसली.

त्यानं तिला मुलाच्या बापाचं नाव विचारलं, चष्मा पुसला आणि ओरडला, “अक्का, हाऊ तुमना नही! याना बाप दुसराच शे!”

सगळी रांग हसली. कित्येक महिन्यांनी मीही हसलो.

“मंग मामाकडेच दडी बठेल व्हई,” डोळे पुसत अक्का म्हणाली. “भाऊ, अजून एकदा वाच ना.”

“हां, आता जिल्हा,” तो म्हणाला.