धोट्याचा मासा

आमच्या सुरतेतल्या कोसाडच्या घरात, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एक लाकडी मासा टांगलेला आहे. लांबीला चार बोटं, पोट पांढरं रंगवलेलं, पाठ मात्र तशीच, तेल पिऊन काळी झालेली. आलागेला विचारतो, खेळणं आहे का? मी म्हणते, हो बाबा, खेळणंच समज. खरं सांगायचं तर या मेल्याने माझे अण्णा माझ्याकडून नेले, आणि त्याला मदत मीच केली.

अण्णा म्हणजे माझे वडील. अमळनेरकडच्या खेड्यातून विशीत सुरतेला आले आणि बमरोलीच्या एका खात्यात लूमवर उभे राहिले. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला इथे खातंच म्हणतात. तिथे चाळीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आले. त्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसे, सगळं हातांनी चाले. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची, दारात उभी राहून ती हातांची भाषा शिकले. मूठ वर केली म्हणजे मशीन बंद कर. दोन बोटं ओठाशी नेली म्हणजे चहा. पंजा पालथा करून हवेत हळूच दाबला म्हणजे चालू दे, हात लावू नको. घरीही तेच. आई भाकरी भाजत असली, की अण्णा समोर बसून पंजा दाबायचे, आणि आई फणकारायची, "हाई काय तुमनं खातं शे का?" अजून तो तव्याचा वास आणि तो फणकारा आठवला की मला भूक लागते.

आई गेली, अण्णा आमच्याकडे राहायला आले, आणि त्याच वर्षी खात्यातली जुनी लूम भंगारात निघाली. आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा नव्या मशीनला लागतच नव्हता. अण्णा आपला एक धोटा पिशवीत घालून घरी आले आणि म्हणाले, आता गावाला जातो, तुझ्या भावाकडे. मी भांडले. रडले. जेवण बंद करून पाहिलं, दुपारपर्यंत. भाऊ आहे, शेत आहे, सगळं कबूल. पण माझं अख्खं माहेर म्हणजे ते एकटेच उरले होते हो! नवरा चांगला आहे, पण नवऱ्याला माहेर थोडंच म्हणता येतं?

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "चाळीस वरीस सुरतमा काढात. गावना लोके इचारतीन, समुद्र कसा शे, तं मी काय सांगू?" आणि खरंच, इतक्या वर्षांत अण्णांनी समुद्र पाहिला असेल दोनदा, तोही आम्हा पोरांसाठी डुमसला, भजी खात. म्हणाले, "एक मासा धरसू, मंग गावले जासू." मी मनात म्हटलं, देव पावला! गावाकडे तापीकाठी गळ टाकून बसणं वेगळं. खाऱ्या पाण्यातला मासा यांना कुठला लागायला?

मगदल्ल्याच्या पुढे खाडीवर एक जुना धक्का आहे. रविवारी संध्याकाळी दोन-चार जण तिथे काठ्या घेऊन उभे असतात. त्यातल्या एका गुजराती काकांनी अण्णांना शिष्य करून घेतलं. ते बंदरात क्रेन चालवायचे. त्यांनी आपली जुनी काठी आणि रीळ दिलं आणि सांगितलं, इथे किडे-झिंगे लावायचे नाहीत, पाण्यावर तरंगणारा खोटा मासा फेकायचा. अण्णांनी घरी येऊन धोट्याचं टोक कापलं, त्याचं लोखंड काढलं, तासलं, घासलं, पुढे कडी आणि खाली दोन गळ लावले. तीन दिवस घरभर भुसा. मी झाडत होते आणि कुरकुरत होते, पण त्यांची बोटं तशी चालताना आईच्या माघारी मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकांची शिकवणी सोपी होती. भरती चढायला लागली की उभं राहायचं. वाहत्या पाण्याला तिरपं फेकायचं. पडल्या पडल्या ओढायचं नाही, आधी पाण्यावरची वर्तुळं विरू द्यायची. मग टुक-टुक, थोडं थांब, परत टुक-टुक, जखमी मासोळी पळते तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी फुटलं, मासा वर आला, तरी काठी खेचायची नाही. हाताला वजन लागलं की मगच उचलायची. "उतावळ नहि करवानी," ते अण्णांच्या कानाशी ओरडून सांगायचे. घाई करू नका.

अण्णा मान डोलवायचे. पण चाळीस वर्षं धाग्याची तार तुटली रे तुटली की डोळा मिटायच्या आत हात हँडलवर, लूम बंद! नाहीतर कापडात खोट राहते. तोच हात इथे. पाण्यात भप्प झालं की अण्णांचा हात विजेसारखा मागे, आणि लाकडी मासा हवेत उडून धक्क्यावर खाडकन. खरा मासा आपला खाली तोंड वासून. काका मागून बोंबलायचे, पण बहिऱ्या माणसाला बोंबलून काय उपयोग!

उपयोग कशाचा होता ते मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. समोर उभं राहून पंजा दाबायचा, बस. खात्यात साथीदाराच्या हातावर एक डोळा ठेवायची सवय त्यांची सुटलेली नव्हती. पण मी का दाबू? मासा लागला की माणूस जाणार! दिवाळीपासून होळीपर्यंत मी थर्मासमधला चहा ओतत बाजूला बसले. भप्प झालं की माझा हात आपोआप उठायला लागे, तो मी थर्मासवर नेऊन ठेवायची. परतताना रिक्षात ते मला त्यांच्या खात्यातल्या गमती सांगायचे, मोठ्याने, रिक्षावाल्यासकट सगळ्यांना. ते रविवार मला संपायलाच नको होते.

होळीनंतरच्या रविवारी दोनदा मासा आला आणि दोनदा सुटला. अण्णा दोर बांधायच्या खुंटावर बसले, आपला उजवा हात उलटापालटा करून बघत राहिले. म्हणाले, "कान तं गयात. आते मना हात बी मनं ऐकत नही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांवर आमचं घर उभं राहिलं, ते निकामी झाले असं हा माणूस समजत होता, आणि मी शहाणी चहा ओतत होते.

पुढच्या रविवारी मी थर्मास घेतलाच नाही. अण्णांच्या समोर, धक्क्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. भरती चढत होती, ऊन कलंडलं होतं. टुक-टुक. थांब. टुक-टुक. भप्प! मी पंजा पालथा केला आणि दाबला. चालू दे, अण्णा, चालू दे. त्यांचा हात जागच्या जागी राहिला. मग काठी वाकली, आणि मी मूठ वर केली. आता खेचा!

जिताडा निघाला, माझ्या कोपरापर्यंतचा. काकांनी जाळीत घेतला आणि स्वतःच नाचले. अण्णा नुसते हसत होते, सगळे दात दाखवून, आईच्या वेळेस हसायचे तसे. रात्री मी काळ्या मसाल्यात रस्सा केला. तिखट जास्त झालं, त्यामुळे डोळे पुसायला कारण मिळालं.

आठ दिवसांनी त्यांना भुसावळच्या गाडीत बसवायला गेले. लाकडी मासा त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिला. गळ आधीच काढून ठेवले होते. मग सगळा डबा ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, "तुना हात पयलापाइनच अर्धा उठे, अन् खाले जाये. मी बहिरा शे, आंधया नही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "मग बोलला का नाहीत? इतके महिने?"

गाडी हलली. अण्णांनी हात खिडकीबाहेर काढला, पंजा पालथा केला आणि हवेत हळूच दाबला.